ताईंची उडी

—नाही हो, पाय नाही, घोटा. पाय मोडला म्हटलं की लोक हळहळतात, घोटा म्हटलं की विचारतात, "कशावरून पडलात?" आणि तिथेच माझी पंचाईत होते. कारण मी कशावरून पडले नाही, मी मागे मागे गेले आणि जमीन संपली. — सरका थोडं, हा पाय बाकावर घेते, लोंबता ठेवला की ठणकतो. तुम्ही इथे कशाला आलात? काय? घर जमिनीवर असल्याचा दाखला? अगबाई! म्हणजे ते घर तुमचंच — बंधाऱ्यालगतचं, भरतीला ज्याच्या पायरीला पाणी लागतं ते? मग पुढचं मीच सांगते. पहिल्या मजल्यावरच्या जमीन विभागानं सांगितलं असेल, पायरी ओली होते म्हणजे समुद्र, वर जा. दुसऱ्या मजल्यावरच्या सागर विभागानं सांगितलं असेल, आत पलंग आहे म्हणजे जमीन, खाली जा. आणि मधल्या जिन्याच्या वळणावर तुम्हाला एक टेबल दिसलं असेल, त्यावर पाटी 'समन्वयक', आणि खुर्ची रिकामी. बरोबर? ती खुर्ची माझी. रिकामी आहे, कारण मी इथे तळमजल्यावर बसलेय, चौकशीच्या दाराबाहेर, पाय वर करून. तुमचं काम माझ्या घोट्यामुळे अडलंय. घ्या, आता हळहळा.

समन्वयक म्हणजे काय, असं सासूबाईंनीही विचारलं होतं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, जमिनीवर काय करायचं ते ठरवणारे वेगळे, पाण्यात काय करायचं ते ठरवणारे वेगळे, त्यांची सांगड मी घालते. त्या म्हणाल्या, "म्हणजे घरात करतेस तेच, पगार घेऊन." आता हसायचं नाही, कारण ते शंभर टक्के खरं आहे. — बघा, जमीनवाले रस्ते काढतात, घरं काढतात, गटारं काढतात, आणि किनारा आला की थांबतात. समुद्रवाले होड्यांच्या वाटा काढतात, जाळी कुठे टाकायची, गाळ कुठला उपसायचा ते काढतात, आणि किनारा आला की तेही थांबतात. म्हणजे किनारा दोन्ही नकाशांत कडेला. आणि कागदाच्या कडेला काय असतं? समास. तिथे चहाचे डाग पडतात, फोन नंबर लिहितात, पिन टोचतात. लोक नेमके त्या समासात राहतात — तुमच्यासारखे. मधे एकदा जमीनवाल्यांनी गटाराचं तोंड सोडलं ते बरोबर समुद्रवाल्यांनी शिंपल्यांच्या शेतीला राखून ठेवलेल्या पाण्यात. दोघांचेही नकाशे निर्दोष होते हो! फक्त शिंपल्यांना वास येत होता. म्हणून मग वरून हुकूम आला, मधे एक माणूस बसवा. जागा कुठे होती? जिन्यात. बसवली.

पण मलाच का, हे विचारलं नाहीत तुम्ही. सभ्य दिसता. जमीन विभागाचे प्रमुख म्हणजे आमचे हे. हो, नवरा. आणि सागर विभागाचा प्रमुख माझा दादा. हो, सख्खा, पाठचा नव्हे, पुढचा. आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. हुकूम काढणाऱ्या साहेबांनी विचार केला असेल, बाईचं दोघंही ऐकतात. साहेबांचं लग्न झालेलं नसणार, नाहीतर असा विचार मनात आला नसता. — थांबा हं, आतून काही ऐकू येतंय का? नाही ना? नाहीच येणार. दोघं आत आहेत, चौकशीवाल्या साहेबांसमोर, दोन खुर्च्यांवर. एक खिडकीकडे बघत असेल, दुसरा पंख्याकडे. आज ज्याच्या नावावर चूक लागेल तो घरी बसणार, साधं गणित आहे. दादाची निवृत्ती या वर्षाअखेर, म्हणजे त्याची पेन्शन लटकणार, आणि वहिनीच्या औषधांचा सगळा भार त्या पेन्शनवर. आणि ह्यांचं नाव लागलं तर हे घरी. ह्यांना काम नसलं की हे कपाटं हलवतात. एका सुट्टीत फ्रिज कुठे गेला ते मला संध्याकाळी कळलं. हसताय, पण मी देव पाण्यात ठेवून बसलेय इथे. मला शेवटी बोलावणार आहेत. साक्षीदार म्हणून नाही, जखमी म्हणून. मी ठरवलंय, सांगायचं, मला काही आठवत नाही, मार लागला होता. घोट्याला लागला होता, हे मान्य. पण वर पसरला असेल.

भांडण? टेबलावरून. नाही, टेबलावर नव्हे — टेबलावरून. पूर्वी एकच विभाग होता आमचा, किनारा विभाग, एकच मोठी खोली, आणि तीत एक टेबल, अख्खा नकाशा उलगडून पसरता येईल एवढं, उचलायला चार माणसं लागायची. एका बाजूला हे बसायचे, दुसऱ्या बाजूला दादा. हे जमीन रंगवायचे, दादा पाणी, आणि किनाऱ्यावर दोघांचे ब्रश एकमेकांना लागायचे. भांडायचे तेव्हाही, पण तोंडानं. दादानंच ह्यांना पहिल्यांदा घरी आणलं — "हा माझा मित्र, ह्याला भूक लागलीय." आले ते जेवायला आणि राहिले ते जावई म्हणून. मग विभागाचे दोन तुकडे झाले, जमीन खाली, सागर वर. नेमके तेव्हा आमचे वडील हॉस्पिटलात, दादा त्यांच्या उशाशी. परत आला तर खोलीत टेबलाचे चार पाय जिथे होते तिथे फरशीवर चार डाग. टेबल खाली गेलेलं, ह्यांच्याकडे. ह्यांचं म्हणणं, वडील आजारी असताना त्याला टेबलाचं काय विचारायचं! दादाचं म्हणणं, वडील आजारी असताना माझं टेबल काय हलवतोस! दोघांचंही बरोबर. तीच तर अडचण आहे, एकाचं तरी चूक असतं तर मिटलं असतं. वडील खडखडीत बरे झाले, टेबलाचं दुखणं तेवढं राहिलं. आणि सांगते काय, आज दोघांचीही कामं कॉम्प्युटरवर चालतात. त्या टेबलावर ह्यांच्या विभागाचे डबे खातात.

तर माझं काम म्हणजे जिना चढायचा आणि उतरायचा. खाली हे म्हणणार, "तुझ्या भावाला सांग, ती लाल रेघ माझ्या रस्त्यावरून काढ, नाहीतर डांबर पडेल तेव्हा रेघेवरही पडेल." मी निघणार. पहिल्या पायरीला डांबर गळायचं, वळणावर 'काढ' गळायचं, वर पोचेपर्यंत राहायचं एवढंच — "दादा, हे विचारत होते, ती रेघ थोडी सरकेल का, तुझ्या सोयीनं." मग दादा म्हणायचा, "सोय? त्याला म्हणावं, सोय बघायची तर आधी माझं टेबल —" आणि मी खाली येऊन सांगायची, "दादा म्हणतो, बघतो." वरून मिरची निघायची, खाली साखर पोचायची. आणि चालायचं हो! रेघ सरकायची, रस्ता व्हायचा. दोघांनाही वाटायचं, समोरचा नमला. दोघंही आपापल्या मजल्यावर छाती काढून फिरायचे. गेल्या वर्षी आम्हाला उत्तम समन्वयाची ढालसुद्धा मिळाली. ती कुठल्या मजल्यावर ठेवायची यावर वाद झाला, म्हणून जिन्यात, माझ्या टेबलावर. पाहिली असेल तुम्ही. पेनं ठेवते मी तिच्यात, मागून पोकळ आहे.

आता घोट्याकडे येते. येतेय, येतेय, तुमचा नंबर काही एवढ्यात लागत नाही, नंबर लावणारी मीच आहे. — होड्या ओढून वर घ्यायला उतार करायचा ठरला. पाण्यातून किनाऱ्यावर काँक्रीटचा, घसरता. उतार जमिनीवरून सुरू होतो म्हणून बांधायचा जमीन विभागानं, संपतो पाण्यात म्हणून तो कुठपर्यंत न्यायचा हे सांगायचं सागर विभागानं. म्हणजे काँक्रीट ह्यांचं, खोली दादाची आणि निरोप माझा. आता हे जरा समजून घ्या, अवघड नाही. जमीनवाले उंची मोजतात ती समुद्राच्या सरासरी पाण्यापासून. भरती-ओहोटीच्या मधलं पाणी, ते त्यांचं शून्य. समुद्रवाले मोजतात सगळ्यात खालच्या ओहोटीपासून, कारण होडीला सरासरी घेऊन काय करायचंय, तिला बुड टेकायला एक ओहोटी पुरते. ते त्यांचं शून्य. आपल्या इथे या दोन शून्यांत दोन मीटरचं अंतर. हे गुपित नाही हो. ह्यांना माहीत, दादाला माहीत, मलाही माहीत. एका टेबलावर होते तेव्हा हे रंगवता रंगवता मान वर न करता विचारायचे, "तुझं की माझं?" आणि दादा म्हणायचा, "माझं." झालं. एवढ्यात काम व्हायचं. त्याला पगारी बाई लागत नव्हती.

या खेपेला हे म्हणाले, "तुझ्या भावाला विचार, उतार किती खाली हवाय, आणि म्हणावं, उत्तर याच जन्मी दे." मी वर गेले. विचारलं, अर्थात जन्म वगळून. दादा एक वाक्य बोलला. ते वाक्य मी तुम्हाला सांगणार नाही, माहेरची अब्रू आहे. टोमणा होता, टेबलाचा होता, आणि टेबल आलं की माझे कान आपोआप मिटतात, सवयच लागलीय. मला वाटलं, नेहमीचंच. पण त्या टोमण्याच्या पोटात आकडा होता हो! मी किडे पाखडायला गेले आणि गहू उडवून बसले. खाली येऊन म्हटलं, "दादा म्हणाला, शून्यापर्यंत आणा." हे म्हणाले, "कुणाच्या शून्यापर्यंत?" — बघा, विचारलं हो त्यांनी. कबूल करायला हवं. जन्मात पहिल्यांदा नवऱ्यानं योग्य वेळी योग्य प्रश्न विचारला. आणि मी? मी म्हटलं, "तुमच्याच असेल. म्हणाला, ते जाणकार आहेत, त्यांना सांगायला नको." असं दादा म्हणाला नव्हता. दादा हे उभ्या आयुष्यात म्हणणार नाही. पण ह्यांचा चेहरा असा खुलला, असा खुलला — की मलाच वाटलं, म्हणाला असेल कदाचित.

बांधला उतार. सुरेख बांधला, ह्यांचं काम चोख असतं. भरतीच्या वेळी सगळ्यांनी पाहिला, कड पाण्याखाली, पाणी उतारावर चढलेलं, होडी येऊन अलगद लागली. उद्घाटन ठरलं भरतीच्या मुहूर्तावर. पाहुणे पाच तास उशिरा आले. मुहूर्त थांबवता येतो, पाणी कसं थांबवणार? ते आपलं निघालं परत. आम्ही सगळे वर, फितीपाशी, कुणाचं लक्ष नाही. फीत कापली, टाळ्या झाल्या. आणि मला दुर्बुद्धी सुचली — म्हटलं दोघांचा फोटो काढू. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला दादा, मधे उतार. माझ्या दोन माणसांचा एकत्र फोटो घरात एकच आहे, माझ्या लग्नातला, त्यातही हे डोळे मिटून. मी मोबाईल धरला. पण दोघं एकमेकांपासून एवढे लांब उभे, की चौकटीत मावेनात. हे आले तर दादा बाहेर, दादा आला तर हे बाहेर. "सरका जरा जवळ!" — कोण सरकतंय? मग मीच मागे सरकले. अजून थोडी. ह्यांचा खांदा आला. अजून थोडी. दादाचं पोट आलं. अजून एक पाऊल — आणि आले हो, दोघंही आले, अख्खे, चौकटीत! आणि मी गेले.

दोन मीटर. बरोब्बर दोन मीटर. मोजायला माणूस नको, मी स्वतः मोजले. खाली चिखल होता म्हणून वाचले, चिखलात एक दगड होता म्हणून घोटा. बघते तर डोक्यावर उताराची कड, हवेत, एखाद्या गॅलरीसारखी, आणि कडेवर दोन डोकी. दोघंही पांढरेफटक. आता मला सांगा, बायको पडलीय, बहीण पडलीय, चिखलात रुतलीय — माणूस काय करेल? हे ओरडले, "तुझ्या भावाला सांग, होडीवरून दोरी आण!" दादा ओरडला, "तुझ्या नवऱ्याला सांग, बाजूनं खाली उतर!" हातभर अंतर हो दोघांमध्ये! आणि मी — यावर तुम्ही हसलात तरी मी रागावणार नाही — मी कमरेपर्यंत चिखलात बसून वर तोंड करून सांगतेय, "दादा, हे म्हणतायत, जमलं तर दोरी बघ. अहो, दादा म्हणतोय, तुम्हाला त्रास नसेल तर उतरा." तिथेसुद्धा साखर! घोट्यातून कळा येतायत आणि मी 'जमलं तर' म्हणतेय! होडीवाल्यांनी शेवटी वैतागून मला जाळ्यात घालून वर काढलं. त्यांनी त्या जागेचं नाव ठेवलंय, 'ताईंची उडी'. रिक्षावाल्यालाही तेच सांगावं लागतं म्हणे, नाहीतर त्याला कळत नाही. आता तिथे ओहोटीला एकही होडी लागत नाही. माणसं खांद्यावर टोपल्या घेऊन चिखलातून चालत येतात आणि त्या काँक्रीटच्या गॅलरीखालून जाताना वर बघतात. ते मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही.

—शिपाईमामा, काय म्हणाले? नाही? अजून लागेल म्हणता वेळ? बरं.

तर बघा, आता आत काय होणार? साहेब ह्यांना विचारणार, शून्य तपासलं का नाही? हे म्हणणार, मला सांगितलं गेलं, तुमचंच शून्य. साहेब दादाला विचारणार, असं सांगितलंत? दादा म्हणणार, मी स्वच्छ सांगितलं होतं. मग साहेब पेन खाली ठेवणार आणि म्हणणार, मधे कोण होतं? — मधे कोण होतं. मधे मी होते. म्हणजे माझं टेबल गेलं. जाऊ दे म्हणा, टेबल काय... नाही, जाऊ दे कसं? जिन्यात असलं तरी टेबल आहे. वर जाणारा प्रत्येक जण थांबतो तिथे, खाली येणारा प्रत्येक जण थांबतो. "ताई, तुम्हीच बघा काहीतरी." घरी मला कोण असं म्हणतं? आधी तर दादाच माझं टेबल उठवायला निघाला होता — म्हणजे तसं नाही, त्याला काय माहीत, तो बिचारा भावाच्या मायेनंच... नाही, काही नाही. जाऊ दे.

तुम्ही बघताय माझ्याकडे. बघू नका असं. बरं, सांगते, त्यात काय लपवायचंय! गेल्या पावसाळ्याआधी वहिनीचं ऑपरेशन झालं, तेव्हाची गोष्ट. दादा हळवा झाला होता. मी वर गेले रेघेचं काहीतरी घेऊन, तर रेघ बाजूला ठेवून म्हणाला, "ऐक. त्याला सांग, टेबल गेलं खड्ड्यात. रविवारी जेवायला या दोघं. म्हणावं, तुझ्याशिवाय भांडायलाही मजा येत नाही." असं म्हणाला. मी जिना उतरायला लागले. आणि या निरोपातलं काय गाळायचं, मला कळेना. सगळाच गोड. मी वळणावर थांबले, माझ्या टेबलापाशी. आणि त्याच आठवड्यात वरून विचारणा आली होती, समन्वयकाची जागा पुढे चालू ठेवायची का? गरज आहे का? — मी म्हटलं, सांगू. आज नको, हे कामात आहेत. उद्या सांगू. रविवार झाल्यावर काय सांगणार? दादानं विचारलं, "काय म्हणाला?" मी म्हटलं, "म्हणाले, बघू." त्याचा चेहरा... त्यानंतरच तर त्याचे टोमणे एवढे तिखट झाले. उताराचा तो टोमणा — तो त्यानंतरचाच. म्हणजे तसं बघितलं तर... नाही नाही, तसं बघायचंच कशाला! जागा चालू राहिली, तुमच्यासारख्यांची सोय झाली. झाली की नाही? — नाही झाली, तेही खरंच. आयुष्यभर म्हणत आले, एका टेबलासाठी किती वर्षं धरून बसलेत, पुरुषासारखे पुरुष! आणि मी काय धरून बसले? टेबलच की.

श्श. ऐकलंत? हा ह्यांचा आवाज. चढलाय. काय म्हणतायत? मला उठता येत नाही, तुम्ही जरा दारापाशी — नको, दार सरकवू नका, नुसतं ऐका. "मला सांगितलं होतं..." मग? "...दोन मीटर, स्वच्छ सांगितलं होतं. मीच विसरलो. चूक माझी." अहो! काय बोलताय! कुणी सांगितलं होतं तुम्हाला! — थांबा, दादा. हा दादा. "साहेब, हा खोटं बोलतोय. मी ह्याला काहीही कळवलं नव्हतं. मनात राग होता, मुद्दाम कळवलं नाही. माझं नाव लिहा." अरे देवा. पेन्शन, दादा, पेन्शन! आता पुन्हा हे — "हे बघ, तू मधे पडू नको —" तू? "अरे, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? तुझी निवृत्ती तोंडावर आलीय —" "तुला काय करायचंय माझ्या निवृत्तीशी? आयुष्यात एकदा तरी मला माझं काहीतरी ठेवू दे!" ऐकलंत? 'अरे' म्हणाले हे. 'तू' म्हणाला दादा. एकमेकांना. सरळ. मधे कुणीच नाही. टेबल गेल्यापासून पहिल्यांदा बोलतायत, आणि ते कशावरून भांडतायत, तर गुन्हेगार कोण व्हायचं यावरून!

म्हणजे दोघांनाही कळलंय. ती हवेतली कड आणि खाली मी, हे बघितलं तेव्हाच कळलं असणार, निरोप कुठे गळला ते. दवाखान्यात आले होते दोघं, वेगवेगळे, एकानंही विचारलं नाही मला. एकानं उशी नीट केली, एकानं मोसंबी आणली, सोलून ठेवली. बस. मला वाटलं, सुटले. — मला आनंद व्हायला हवा ना आता? होतोय. होतोय हो. पण थोडं बोचतंयही, खोटं कशाला सांगू. मी एवढी वर्षं जिना चढले-उतरले, आणि ह्यांना बोलतं व्हायला काय लागलं? मी दाराबाहेर असणं लागलं.

काय शिपाईमामा? "साहेब म्हणतात, बाईंची गरज नाही, घरी जाऊ द्या"? आणि कुणाचं नाव लिहितायत? दोघांचंही? दोघंही मागे हटत नाहीत म्हणून दोघांचंही?

ती काठी द्या हो इकडे. नाही, खाली पडलीय, बाकाखाली, तिथे. बोलावलं नाही, ऐकलं मी. म्हणूनच जायचंय. हात द्या जरा. आई गं — काही नाही, घोटा आहे, पाय नाही. तुमचा दाखला? माझ्या टेबलाची वाट बघू नका आता, ते काही राहत नाही. थोड्या वेळानं हे दोघं बाहेर येतील, भांडतच येतील, एकाच दारातून. तेव्हा दोघांना एकदम गाठा, एकट्याला नाही, आणि विचारा, "माझी पायरी तुमची की तुमची?" उभ्या उभ्या उत्तर मिळेल. दार धरा. अजून. प्लास्टर जाऊ दे आधी. — साहेब, माफ करा, बोलावलं नाहीत तरी आलेय. अहो, तुम्ही बसा. दादा, तूही बस, आणि माझ्याकडे असं बघू नकोस. दोन निरोप राहिलेत माझ्याकडे, तुझेच आहेत, ह्यांना द्यायचे. या खेपेला जसेच्या तसे देणार आहे, मधे कुणी बोलायचं नाही. अहो, ऐका. दादा म्हणाला होता — "त्या टेबलचोराला म्हणावं, ज्या हातांनी माझं टेबल खाली नेलंस, त्याच हातांनी तुझा उतार दोन मीटर खाली ने, तेव्हा कुठे माझ्या शून्याला टेकेल." हे मला सांगितलं होतं, साहेब. मी गाळलं. ती दोन नावं खोडा आणि माझं लिहा. आणि दुसरा निरोप — अहो, तुम्ही अजून दारातच? लावून घ्या ते बाहेरून. हा घरचा आहे.